उंच मुलगी शोधायला धडगावला

नंदुरबार जिल्ह्यात लोक तोरणमाळ बघायला जातात, यात्रेतले घोडे बघायला जातात. मी सहा फुटांची मुलगी बघायला गेले होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे सातपुड्याच्या सौंदर्याकडे माझं लक्ष कसं गेलं नाही म्हणून कोणी रागावणार नाही. माझी नजर सगळा वेळ माणसांच्या डोक्यांवरून फिरत होती.

दुसरंही सांगते. मी भित्री आहे. नाशिकच्या बाजूला एका कॉलेजात मी मुलींना बास्केटबॉल शिकवते आणि मैदानावर माझा आवाज असा असतो की वरच्या मजल्यावर शिकवणारे सर खिडक्या लावून घेतात. पण मैदानाची जाळी ओलांडली की माझं शौर्य संपतं. मला लिफ्टची भीती वाटते, कुत्र्यांची वाटते, घाटाची वाटते आणि अनोळखी गावात एकटीने उतरायची तर फारच वाटते. आजवर हे मी मुलींपासून बेमालूम लपवलं आहे अशी माझी समजूत होती. तरीही मी एकटी निघाले, कारण कॉलेजात याहून मोठी भीती येऊन बसली होती.

ऋतुजा आमच्या टीमची सेंटर. बास्केटखाली उभं राहायचं, दोन्हीकडून धक्के खायचे आणि हुकलेला चेंडू खाली येताना सगळ्यांच्या आधी वर जाऊन काढायचा, हे तिचं काम. या एका जागेसाठी खरं तर तीन मुली लागतात, एक दमली की दुसरी आत. गेल्या वर्षी तशा होत्याही. एक शिकून बाहेर पडली, दुसरीचं लग्न झालं. उरलेल्या माझ्या मुली वाऱ्यासारख्या पळतात, पण ओळीत उभ्या केल्या की सगळ्या खांद्याला खांदा लावून एका उंचीच्या. उंच अशी एकटी ऋतुजा, आणि तिच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली.

डॉक्टर म्हणाले होते, खेळू दे, पण अर्धाच वेळ, मध्ये मध्ये बाहेर बसव. बाहेर बसवायची तर आत कोणाला पाठवू? दिवाळीनंतर स्पर्धा होती. प्राचार्य म्हणाले, "यंदा आपण उतरायचंच." ऋतुजा म्हणाली, "मॅडम, काही दुखत नाही हो. पूर्ण खेळते मी." ती दर वेळी हेच म्हणायची आणि उडी मारून ती खाली यायला लागली की मी डोळे मिटून घ्यायचे. दुसरी उंच मुलगी मिळाली नाही तर या पोरीचा गुडघा कायमचा जाणार, आणि तो मी घालवलेला असणार. या एका भीतीने मला दसऱ्यानंतरच्या सुट्टीत नंदुरबारच्या गाडीत बसवलं.

लोणखेडा

माझी जुनी विद्यार्थिनी सुनंदा लग्न होऊन शहाद्याजवळ लोणखेड्याला असते. तिने फोनवर सांगितलं होतं, "मॅडम, इकडे या. आमच्या इकडच्या पोरी ताडमाड असतात." नंदुरबारला उतरले तेव्हा हंगामातली पहिली मिरची वाळत पडली होती. रस्त्याच्या कडेला लाल पट्टेच्या पट्टे, आणि रिक्षा त्यांच्या जवळून गेली की रिक्षावाला सोडून बाकी सगळे शिंकणार. मी शहाद्यापर्यंत शिंकत गेले.

सुनंदाच्या सासरी केळी, पपई आणि ऊस. घर शेतालाच लागून. पाहुणी आली म्हणून शेवभाजी, वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी केली होती. आम्ही नाशिककर मिसळ खातो आणि तिखटाच्या गप्पा मारतो. त्या शेवभाजीचा पहिला घास पोटात गेला आणि माझ्या गप्पा बंद झाल्या. सुनंदाची सासू समोर बसून म्हणत होती, "खा ना माय, काय लाजी ऱ्हायनी? तुन्हासाठी कमी तिखट करेल शे." माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते तिला प्रेमाचं वाटलं. तिने आणखी एक भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदाने मला गावातल्याच एका घरी नेलं. मुलगी वैशाली, तिथल्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. ती चहा घेऊन आली. खांदे रुंद, हात लांब, बोटं तर कपाला वेढा घालून उरतील अशी. मात्र घरात उंच मुली चालतात तशी ती पाठीत वाकून, मान खाली घालून चालत होती. वडील शेती सांभाळून शाळेत नोकरी करणारे, शांत गृहस्थ. मी त्यांना कॉलेज सांगितलं, हॉस्टेल सांगितलं, फी माफ आहे ते सांगितलं. ते मान डोलावत होते. सगळं जमत आलं होतं.

पालकांना पटवताना आम्हा बास्केटबॉलवाल्यांचं एक हुकमी वाक्य असतं. ते मी इतक्या घरांत इतक्या वेळा म्हटलंय की आता ते आपोआप तोंडातून पडतं. मी म्हणाले, "आणि काका, बास्केटबॉलने उंची वाढते बघा."

काकांनी कप खाली ठेवला. आत भांड्यांचा आवाज थांबला. सुनंदाने माझ्या पायावर पाय दिला, पण वाक्य सुटून गेलं होतं.

"ताई," काका अगदी नम्रपणे म्हणाले, "मन्ही आंडेर आतेच दरवाजाले लागस. खेयीसन आखो वाढनी, ते मी जवाई कोठेन आनू?"

आंडेर म्हणजे लेक. ती आधीच दाराला लागते, आणखी वाढली तर हा बाप जावई कुठून आणणार? उंची वाढत नाही हो, ते नुसतं म्हणायचं असतं, असं मी सांगायला गेले. पण आता मी काय म्हणते यावर कोण विश्वास ठेवणार? वैशाली दाराच्या आड उभी होती. निघताना तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मग कमरेत आणखी थोडी वाकून आत गेली. सुनंदा परतताना रस्ताभर हसत होती. मला हसू येईना. मला ऋतुजा दिसत होती, एका पायावर भार देऊन उभी असलेली.

दुपारी धानोऱ्याला जाऊन आलो. तिथली मुलगी उंच होती, घरचे तयार होते, मुलगीही हौशी होती. पण तिला लहानपणापासून दमा होता. तिला पळवायची कल्पनाही मला सहन होईना. मी तिच्या आईच्या हातचे पोहे खाल्ले आणि परत आले.

संध्याकाळी सुनंदाने धडगावच्या एका ओळखीच्या शिक्षकांना फोन लावला. ते म्हणाले, आमच्याकडे बारावी झालेली एक मुलगी आहे, पावरा समाजाची, जमना नावाची, वर्गाच्या दाराला डोकं लागतं तिचं, या उद्या. सुनंदा सोबत येणार होती, पण पहाटे तिच्या लहान्याला ताप भरला. थांबता आलं असतं. पण टीमची नावं द्यायची मुदत संपत आली होती आणि मी थांबले नाही. जीपपर्यंत सोडायला आलेली सुनंदा तीनतीनदा बजावत होती, "मॅडम, आधी सरांना भेटा. पोरींना एकटीने एकदम काही विचारू नका. सध्या मुकादम फिरतात तिकडे." मी हो हो म्हटलं. मुकादम फिरतात याचा माझ्याशी काय संबंध, ते मात्र विचारलं नाही.

घाट

शहाद्याहून धडगावला जाणाऱ्या जीपमध्ये किती माणसं बसतात हे मी मोजलं नाही, कारण मला माझेच पाय सापडत नव्हते. ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर, टपावर पोती, पोत्यांवर माणसं, आणि माझ्या पायापाशी टोपलीत दोन कोंबड्या, ज्या माझ्यापेक्षा धीराच्या होत्या. म्हसावद मागे पडलं आणि सपाट केळीची शेतं संपून जमीन एकदम उभी राहिली.

मला कोणी घाटाच्या वर्णनाबद्दल विचारू नये. एका वळणावर दरड कोसळून अर्धा रस्ता मातीखाली होता आणि उरलेल्या अर्ध्यावरून आमची जीप जात होती, एवढं मी पाहिलं. नंतर डोळे मिटले. आरशात ते ड्रायव्हरला दिसलं असणार.

"म्याडम, डोया मिटू नका, चक्कर येई," तो ओरडला. "डोंगरकडे देखा. दरीकडे मी देखी ऱ्हायनू ना!"

तो दरीकडे बघतोय हे ऐकून मला काही बरं वाटलं नाही. शेजारी बसलेल्या बाईंनी माझा हात धरला. त्या धडगावजवळच्या एका पाड्यावर अंगणवाडी चालवत होत्या, मराठी छान बोलत होत्या. मी कशाला आले ते त्यांनी विचारलं. बोलत राहिलं तर भीती कमी होते म्हणून मी लोणखेड्याची सगळी फजिती सांगितली. त्या इतक्या हसल्या की पुढच्या सीटवरचे लोकही वळून बघायला लागले. मग त्या म्हणाल्या, "आमच्यात तसं नसतं ताई. लग्नात मुलाकडचे मुलीच्या बापाला देज देतात. उंच, दणकट मुलगी असली तर घर उलट ताठ मानेनं बसतं." मला फार आशा वाटली. खाली उंचीपायी जी गोष्ट अडते ती इथे अडणार नाही, असा सोयीस्कर हिशेब मी मनात मांडून टाकला. घाट संपेपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.

धडगाव

सर शाळेत नव्हते. त्यांना ऐनवेळी बैठकीला नंदुरबारला बोलावलं होतं, संध्याकाळपर्यंत येतील, असं तिथल्या शिपायाने सांगितलं. फोन लागत नव्हता. शहाण्या बाईने शाळेच्या ओट्यावर बसून राहायला हवं होतं. मी थोडा वेळ बसलेही. पण एकटी बसले की मला गुडघा दिसायला लागतो. बाजाराचा दिवस होता, म्हटलं एक चक्कर मारून येऊ.

धडगावचा बाजार मोठा. दूरदूरच्या पाड्यांवरून माणसं उतरलेली. सीताफळांचे ढीग, सुके मासे, उडीद, मक्याची कणसं, चांदीच्या कड्यांचं दुकान, आणि वरती सगळीकडे ताडपत्र्या. त्या ताडपत्र्यांच्या दोऱ्या वाटेवर आडव्या बांधलेल्या होत्या. सगळा बाजार त्या दोऱ्यांखालून सरळ चालत होता. मीही. आणि मग समोरून येणारी एक मुलगी दोरीपाशी आली आणि वाकली.

पुढच्या दोरीलाही वाकली. भांड्यांच्या दुकानात दुकानदार उंचावरचं पातेलं काढायला आकड्याची काठी शोधत होता, तोवर तिने हात वर करून पातेलं काढलं आणि त्याच्या हातात दिलं. टाचाही उचलल्या नाहीत. मला बाजार दिसेनासा झाला. एवढंच दिसत होतं की तो हात रिंगच्या किती जवळ पोचेल.

मी तिच्या मागे निघाले. सुनंदाने काय बजावलं होतं ते त्या क्षणी साफ विसरले. ती मिठाच्या दुकानात गेली, मी बाहेर थांबले. ती निघाली, मी निघाले. तिने एकदा वळून पाहिलं, मी हसले. आमच्या मैदानावर हे हसू मुली वर्षभर वाट पाहून मिळवतात. तिने पाऊल उचललं. मीही उचललं. शेवटी एका कोपऱ्यात मी तिला गाठलं आणि म्हणाले, "बाळ, उंची किती तुझी? जरा हात बघू." आणि तिचा हात हातात घेऊन तळवा उलटा करून बघितला, बोटं पसरून. सवयच आहे ती. तळवा केवढा, बोटं किती लांब, चेंडू एका हातात राहील का, हे आम्ही असंच बघतो.

तिने हात हिसकावून घेतला आणि पळाली.

नंतरचं सगळं फार पटकन झालं. मी "अगं थांब" म्हणत दोन पावलं धावले, ते पाहिलेल्या दोन बायका माझ्या आडव्या आल्या. त्या पावरीत काहीतरी जोरात बोलल्या, मला त्यातलं अक्षर कळलं नाही. मग पुरुष आले. एकाने विचारलं, "ओ बाई, कोन शे तू? पोरीना मांगे काब्र फिरी ऱ्हायनी?" दुसरा म्हणाला, "बॅगमा काय शे, दखाड." बॅगेत मोजपट्टी होती, शिट्टी होती आणि पायाला बांधायच्या पट्ट्यांचे रोल होते. ते एकेक करून बाहेर आलं आणि गर्दीने ते पाहिलं. माझ्या लक्षात आलं की यातली एकही वस्तू मला वाचवणारी नाही. कोणीतरी मोबाईल वर धरून माझं शूटिंग करत होतं.

अफवेवरून परक्या माणसांना गर्दीने मारल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. वाचताना आपण चुकचुकतो आणि पान उलटतो. इथे एवढं मोठं माझं मराठी, त्यातलं एक वाक्य मला जुळवता येईना. मी नुसतं "बास्केटबॉल, बास्केटबॉल" म्हणत राहिले. माझा खांदा कोणीतरी धरला होता. माझी मुलगी, नवरा, घर असं काही आठवलं नाही. एवढंच वाटलं की मी इथून परत गेले नाही तर ऋतुजाला पूर्ण वेळ खेळवतील.

"बाई, मझार या, मझार या!" मागच्या कापडदुकानातून कोणीतरी माझा दंड ओढला. मी दुकानात पडले म्हणायलाही हरकत नाही. दुकानाचे शेठ, टक्कल पडलेले, जाड चष्म्याचे, माझ्यापेक्षा जास्त घाबरले होते. त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि म्हणाले, "मन्हा दुकानम्होरे काही व्हवाले नको, माय. बाजारना दिवस शे."

शेठजींच्या दुकानात

शेठांचे पणजोबा राजस्थानातून आले, हे त्यांनी मला त्याही परिस्थितीत सांगितलं. पाणी दिलं. "आठे कोनी वळखीना शे का तुमना?" त्यांनी विचारलं. मी सरांचं नाव सांगितलं, जमनाचं सांगितलं. शेठांनी कपाळावर हात मारला. "जिना हात धरा ती जमनाच शे ना बाई! तिनी मायच येई ऱ्हायनी आते."

शटरखालून आधी चांदीचे वाळे घातलेले पाय दिसले, मग जमनाची आई वाकून आत आली. मागोमाग तिचा भाऊ, म्हणजे जमनाचा मामा, दिलीप. जमना शेवटी. शटरखालून येताना तिला दुमडावंच लागलं. बाहेरची गर्दी शांत झाली होती, पण हलली नव्हती. आई खाली बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग असेल असं मला वाटलं होतं. तिथे भीती होती, माझ्यासारखीच. आपल्याला कोणी भिऊ शकतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं आणि ते कळणं बिलकूल सुखाचं नव्हतं.

बोलला तो मामा. त्याने बरेच हंगाम गुजरातेत ऊस तोडला होता आणि त्याचं मराठी स्वच्छ होतं. "खरं सांगा बाई. कोणत्या टोळीसाठी आलात?"

मी सांगायला सुरुवात केली. "टोळी नाही हो. कॉलेज आहे. राहायची सोय आमची, जेवण आमचं, जाण्यायेण्याचं भाडं आम्ही देऊ. फक्त मुलगी उंच आणि दणकट पाहिजे..." आणि माझं वाक्य मलाच ऐकू आलं. मी थांबले.

मामा म्हणाला, "दसरा झाला की ऊसतोडीला माणसं नेणारा मुकादमही हेच बोलतो. राहायचं, जेवायचं, भाडं. मागल्या साली एक बाई आली होती, ती पण पोरींचे हात उलटे करून बघायची. कोणते हात कोयता धरतील ते बघायची."

मग मी मोबाईल काढला. टीमचे फोटो दाखवले, सामन्याचं चित्रीकरण दाखवलं. जमना हळूहळू जवळ सरकली. चित्रीकरणात ऋतुजा उडी मारून चेंडू काढत होती. जमनाने ते पुन्हा लावायला सांगितलं. तिच्या चेहऱ्यावरची भीती गेली आणि तिथे काहीतरी दुसरंच आलं. असा चेहरा मला ओळखता येतो, माझा तो धंदाच आहे. मला आनंद व्हायला हवा होता.

आई पावरीत काहीतरी बोलली. मामाने सांगितलं, "ती विचारते, तुमच्याकडे ही उंच पोरगी आहे ना? मग आमची कशाला? हिला काय झालं?"

मुकादम नवीन माणूस शोधायला येतो तेव्हा आधीच्या माणसाचं काहीतरी झालेलं असतं, हे त्या घराला ठाऊक होतं. मला खोटं बोलता आलं असतं. जोडीला आणखी एक लागते एवढंच म्हटलं असतं तरी ते खरंच होतं. पण आईची नजर माझ्यावरून हलत नव्हती. मी म्हणाले, "तिचा गुडघा मोडला होता. ऑपरेशन झालंय. ती पूर्ण वेळ खेळू शकत नाही." मामाने ते पावरीत सांगितलं. आईने जमनाचा दंड धरला आणि तिला आपल्याकडे ओढलं.

मग आईची मागणी आली. त्या पोरीशी बोलायचंय. फोनवर. तोंड दिसेल असं.

शेठांच्या दुकानात नेटवर्क होतं. मी व्हिडिओ कॉल लावून देऊ लागले, तर मामा म्हणाला, "लावा आणि द्या. तुम्ही त्या थानांच्या मागे बसा. तुमच्यासमोर ती कसं सांगेल?"

मी कापडाच्या थानांमागे जाऊन बसले. तिथून मला कोणी दिसत नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. ऋतुजाचा आवाज आला, दमलेला. मैदानावरच असणार. मामाने आपण कोण ते सांगितलं, धडगावहून बोलतोय, आमच्या पोरीला तुमच्या मॅडम न्यायला आल्यात. ऋतुजा खूश झाली. "पाठवा ना! खूप मजा येते. मॅडम फार चांगल्या आहेत."

"गुडघा दाखव," मामा म्हणाला. दाखवला असणार, कारण आईने जीभ टाळ्याला लावून आवाज केला. "दुखतो का?"

"नाही," ऋतुजा म्हणाली. दर वेळचंच. मग तिने विचारलं, "मॅडम आहेत का तिथे?"

"नाहीत. बाहेर गेल्यात."

मला वाटलं कॉल तुटला.

"दुखतो," ती म्हणाली. "रोज दुखतो. हॉस्टेलचा जिना मी कठडा धरून उतरते. परवा सरावानंतर बाथरूममध्ये रडले. तुमच्या मुलीला सांगा, मॅडमना सांगू नको म्हणावं."

"का नाही सांगायचं?"

"मॅडम खूप घाबरतात हो. वरून ओरडतात, पण मी उडी मारली की डोळे मिटून घेतात. सगळ्या मुलींना माहितीये. मी दुखतं म्हटलं तर त्या आणखी घाबरतील. म्हणून मी नाही म्हणते."

मी दोन्ही हातांनी तोंड दाबून बसले. समोर लुगड्यांचं थान होतं, त्याच्या काठाकडे बघत राहिले. इतके दिवस तिच्यासाठी भीत होते, आणि माझ्या भीतीला जपता जपता ती पोर दुखरा गुडघा घेऊन उड्या मारत होती.

शेठांनी मला हाक मारली तेव्हा मी बाहेर आले. माझे डोळे पाहून मामाला कळलं असणार, पण त्याने काही विचारलं नाही. आई आता पहिल्यापेक्षा सावकाश बोलत होती. मामाने सांगितलं ते असं. जमनाला खेळायचंय, तिने आत्ताच आईला तसं सांगितलंय. पण या साली पाठवणार नाही. आमचं घर वर आहे, रस्ता नाही, चढून यावं लागतं. त्या पोरीचा पाय बरा होऊ दे. ती पोरगी स्वतः चढून आमच्या घरी भाकरी खायला आली, म्हणजे आम्ही समजू की तुम्ही पोरी बऱ्या करता. मग जमनाला तिच्याबरोबर पाठवू.

मी हो म्हणाले. याहून रास्त अट मला आजवर कोणी घातलेली नाही.

आईने पदराच्या गाठोड्यातून सीताफळं काढून माझ्यापुढे ठेवली. बाहेर मामाने लोकांना काहीतरी सांगितलं आणि गर्दी पांगली. मघाशी माझा खांदा धरणारा माणूस मोजपट्टी आणि शिट्टी परत द्यायला आला. तो ओशाळला होता. मीही त्याला काय म्हणणार, त्याच्या जागी मी असते तर त्याच्याआधी ओरडले असते. शिक्षक आले तेव्हा मी शेठांकडचा चहा घेत होते. कपापेक्षा बशीत जास्त चहा होता.

परत

घाट उतरताना मी डोंगराकडे बघितलं, दरीकडे नाही. सुनंदाच्या लहान्याचा ताप उतरला होता. तिने विचारलं, "मिळाली का?" मी म्हणाले, "नाही." बाकीचं सांगायला मला दोन दिवस लागले.

कॉलेजात पोचले त्या दिवशी आधी प्राचार्यांना भेटून टीम उतरणार नाही असं सांगितलं. ते नाराज झाले, बरंच बोलले. पण मी नाहीच म्हणाले आणि बाहेर आले. मग वरच्या मजल्यावर ऋतुजाला बोलावलं. ती बूट घालूनच आली.

"मिळाली का मॅडम?"

"यंदा नाही. आणि यंदा तूही खेळणार नाहीस. सोमवारी आपण डॉक्टरांकडे जातोय."

"पण दुखत नाही म..." ती म्हणता म्हणता थांबली. माझ्या तोंडाकडे बघून तिला सगळं कळलं. "तुम्ही तिथेच होतात," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "आता तुम्ही घाबराल."

"घाबरेन," मी म्हणाले. "घाबरतेच आहे. तरी तू सांगायचंस."

मग आम्ही खाली निघालो. पहिल्या पायरीवर ती घुटमळली, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि हात लांब करून तिने कठडा धरला. मी एक पायरी पुढे होऊन, तिच्याकडे तोंड करून, उलटी उतरू लागले. डोळे उघडे ठेवले.